तारीख वाचताना प्रोग्रॅमला अंदाज बांधू देऊ नका: पायथनमध्ये तारखा तपासण्याची आणि वाचण्याची क्रमवार पद्धत

तारखांमधली सगळ्यात घातक चूक एरर देत नाही. यादीत ०५/०८/२०२४ असं लिहिलेलं असतं, लिहिणाऱ्याच्या मनात ५ ऑगस्ट असतो, प्रोग्रॅम ती ८ मे म्हणून वाचतो आणि निमूटपणे पुढच्या ओळीकडे जातो. त्या तारखेवर व्याज निघतं, मुदत मोजली जाते, वय ठरतं. कोणीतरी जुनी पावती घेऊन दारात उभं राहीपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

हा लेख पायथनमध्ये काम करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून एखाद्या पतसंस्थेची किंवा गृहनिर्माण सोसायटीची सभासद यादी डोळ्यांसमोर ठेवा: निरनिराळ्या लोकांनी वर्षानुवर्षं भरलेली, आता एका सीएसव्ही फाइलमध्ये आलेली. अशा यादीतल्या तारखा एका ओळीच्या कोडने वाचायला जाऊ नका. खालचे टप्पे याच क्रमाने करा. बहुतेकांचं काम बिघडतं ते एखादा टप्पा गाळल्यामुळे कमी आणि क्रम उलटा केल्यामुळे जास्त.

लेखात कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत आणि सगळे अंक देवनागरीत छापले आहेत. टाइप करताना नावांचं मूळ रोमन स्पेलिंग वापरा. अंक इंग्रजी की देवनागरी याने जिथे फरक पडतो, तिथे तसं स्पष्ट म्हटलं आहे.

टप्पा १: कोड लिहिण्याआधीची तयारी

मूळ फाइलची एक प्रत बाजूला काढा आणि तिला 'फक्त वाचण्यासाठी' करून ठेवा. ही फाइल एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडू नका. एक्सेल विंडोजच्या प्रदेश सेटिंगप्रमाणे तारखा ओळखायचा प्रयत्न करतं. सेटिंग अमेरिकेचं असेल तर ०५/०८/२०२४ चं ८ मे होतं, १३/०८/२०२४ मात्र तेरावा महिना नसल्यामुळे साधा मजकूर म्हणून राहतं. तुम्ही ती एक्सेल फाइल म्हणून सेव्ह केलीत की काही तारखा उलटलेल्या आणि काही तशाच अशी फाइल हाती राहते. मग कुठली तारीख उलटली आणि कुठली नाही, हे ओळखणं अवघड होतं. फाइल बघायचीच असेल तर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये बघा, नाहीतर एक्सेलच्या डेटा मेनूतून आयात करताना तारखेच्या कॉलमचा प्रकार 'टेक्स्ट' ठेवा.

मग फाइल देणाऱ्या माणसाला विचारा: दिवस आधी लिहिला आहे की महिना? सगळी यादी एकाच ठिकाणी भरली गेली का? एखादा भाग दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आला आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरं कोडमधून मिळत नाहीत, कारण वर्षातल्या १३२ तारखा दोन्ही बाजूंनी वैध असतात. दिवस आणि महिना दोन्ही १२ किंवा त्याहून कमी असलेल्या जोड्या १४४. त्यातल्या ०१/०१, ०२/०२ अशा १२ जोड्या उलटल्या तरी त्याच राहतात. उरलेल्या १३२ दगा देतात.

आता नमुने गोळा करा. प्रत्येक नोंदीतल्या प्रत्येक अंकाच्या जागी ९ आणि प्रत्येक अक्षराच्या जागी 'क' ठेवा, मग कोणता साचा किती वेळा येतो ते काउंटरने मोजा. हजारो ओळींची यादी असली तरी साचे मोजकेच निघतात:

९९/९९/९९९९
९-९-९९
९९.९९.९९९९
९ कककक ९९९९
कक. ९/९/९९
९९९९९
९९९९-९९

यातला शेवटून दुसरा साचा, नुसते पाच अंक, म्हणजे बहुधा एक्सेलचा क्रमांक असतो. एक्सेल तारीख आतून दिवसांच्या संख्येत ठेवतं. ४५५०९ म्हणजे ५ ऑगस्ट २०२४. पायथनमध्ये तो बदलताना ३० डिसेंबर १८९९ या तारखेत तेवढे दिवस मिळवा. १ जानेवारी १९०० धरून चाललात तर हिशोब दोन दिवसांनी पुढे जातो: एक दिवस मोजणी शून्याऐवजी एकपासून सुरू होते म्हणून आणि दुसरा एक्सेल १९०० हे लीप वर्ष मानतं म्हणून.

शेवटचा साचा त्याहून फसवा आहे. '२०२४-२५' हे आर्थिक वर्ष आहे हे आपल्याला लगेच कळतं आणि पंचविसावा महिना नसल्यामुळे प्रोग्रॅमही अडतो. पण '२०११-१२' प्रोग्रॅमला डिसेंबर २०११ वाटतो. २०००-०१ पासून २०११-१२ पर्यंतची बाराही आर्थिक वर्षं अशी महिना म्हणून खपून जातात. हा साचा दिसला की त्या नोंदी वेगळ्या काढा. त्यांना तारीख म्हणून हात लावू नका.

*तपासणी:* '९९/९९/९९९९' साच्यातल्या नोंदींत पहिला भाग १२ पेक्षा मोठा असलेल्या किती आणि दुसरा भाग १२ पेक्षा मोठा असलेल्या किती, हे मोजा. एकच बाजू मोठी निघाली तर क्रमाचा पुरावा मिळाला. दोन्ही बाजू मोठ्या निघाल्या तर यादी मिश्र आहे. ती कुठून कुठून आली त्याप्रमाणे तिचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा वेगळा हाताळा.

टप्पा २: साफसफाई, ठरलेल्या क्रमाने

मूळ मजकूर एका कॉलममध्ये तसाच राहू द्या आणि साफ केलेला मजकूर दुसऱ्या कॉलममध्ये ठेवा.

१. देवनागरी अंक इंग्रजी करा. मेकट्रान्सने दहा अंकांचा तक्ता बनवून ट्रान्सलेटला दिला की झालं. 'पायथनला देवनागरी अंक कळतात, मग कशाला?' असं पुष्कळजण विचारतात. कळतात हे खरं: इंट या फंक्शनला '५' दिलं तर ते पाचच देतं. पण तारीख वाचणारं स्ट्रपटाइम आतून रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा साचा जुळतो का ते तपासणारं सूत्र) वापरतं आणि तिथे कुठे कोणताही अंक चालतो, तर कुठे फक्त इंग्रजी. चार अंकी वर्ष देवनागरीत असलं तरी वाचलं जातं, पण देवनागरीत लिहिलेला महिना अडू शकतो. अशा अर्धवट पाठिंब्यावर विसंबू नका.

२. न दिसणारी चिन्हं काढा. स्ट्रिप फंक्शन बाजूच्या साध्या मोकळ्या जागा आणि वेब पानांवरून येणारी नॉन-ब्रेकिंग स्पेस काढतं. झीरो-विड्थ स्पेस (शून्य रुंदीची, न दिसणारी जागा) आणि फाइलच्या सुरुवातीचं बॉम चिन्ह काढत नाही. फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' दिलं तर बॉमचा प्रश्न मुळातच मिटतो. झीरो-विड्थ चिन्हं मात्र नावानिशी बदलून काढावी लागतात.

३. 'दि.', 'दिनांक', 'रोजी' असे शब्द काढा.

४. त्यानंतरच टिंब, आडवी रेघ, लांब रेघ यांच्या जागी तिरकी रेघ ठेवा.

*सावधान:* तिसरी आणि चौथी पायरी उलटी केलीत तर 'दि.५.८.२४' मधलं पहिलं टिंबही तिरकी रेघ होतं आणि तारखेआधी एक रिकामा भाग तयार होतो. 'माझ्या कोडमध्ये चार तुकडे का येतात' याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

टप्पा ३: आधी आकार तपासा, मग तारीख वाचा

'स्ट्रपटाइम चुकीची तारीख नाकारतंच, मग वेगळी तपासणी कशाला?' इथे एक नोंद जवळून पाहू. २०२४११५ असे सलग सात अंक आहेत आणि फॉरमॅट वर्ष-महिना-दिवस असा, मधे रेघ नाही. लिहिणाऱ्याला १५ जानेवारी म्हणायचं असेल. स्ट्रपटाइमला दिवस-महिन्याआधीचं शून्य नसलं तरी चालतं. ते आधी महिन्यासाठी ११ उचलतं, उरलेला ५ दिवस म्हणून घेतं आणि ५ नोव्हेंबर हे उत्तर देतं. एरर नाही, इशारा नाही.

म्हणून प्रत्येक साच्यासाठी एक रेग्युलर एक्स्प्रेशन लिहा आणि ते फुलमॅचने तपासा. सलग अंकांची तारीख असेल तर नेमके आठ अंक मागा. रेघा असतील तर दिवस-महिन्याला एक किंवा दोन अंक आणि वर्षाला नेमके चार, नाहीतर नेमके दोन. अंकांसाठी बॅकस्लॅश-डी न लिहिता चौकटी कंसात शून्य ते नऊ लिहा. बॅकस्लॅश-डी मध्ये जगातल्या सगळ्या लिपींचे अंक येतात.

साधं मॅच वापरू नका. ते फक्त सुरुवात पाहतं, त्यामुळे तारखेनंतर '(रद्द)' असं लिहिलेलं असलं तरी होकार देतं. शेवटी डॉलर चिन्ह लावूनही एक फट राहते: शेवटी नवीन ओळीचं चिन्ह असलं तरी डॉलर मान्य करतो.

रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये फेब्रुवारीचे दिवस किंवा लीप वर्षाचे नियम कोंबू नका. ते काम पुढच्या टप्प्याचं आहे आणि तिथे ते बिनचूक होतं.

टप्पा ४: एका साच्याला एकच फॉरमॅट

फॉरमॅटमध्ये टक्क्याच्या चिन्हापुढे एक अक्षर येतं. सारखी लागणारी अक्षरं ही:

लहान डी: दिवस
लहान एम: महिना, अंकात
कॅपिटल एम: मिनिटं
कॅपिटल वाय: चार अंकी वर्ष
लहान वाय: दोन अंकी वर्ष
कॅपिटल एच: तास, २४ तासांच्या घड्याळाप्रमाणे
कॅपिटल आय आणि सोबत लहान पी: १२ तासांचं घड्याळ आणि एएम-पीएम

लहान-मोठ्या एमची गल्लत सगळ्यात जास्त होते. महिन्याच्या जागी कॅपिटल एम पडला की ०८ ही आठ मिनिटं होतात, महिना दिलाच नाही म्हणून जानेवारी धरला जातो आणि सगळी यादी जानेवारीत जाऊन बसते. दुसरी गल्लत पीएमची: कॅपिटल एचबरोबर लहान पी लावला तर पीएम वाचला जातो, पण तासात धरला जात नाही. संध्याकाळचे ५ पहाटेचे ५ होतात.

एररचा मजकूर नीट वाचा, तो बहुतेक वेळा नेमकं दुखणं सांगतो. 'अनकन्व्हर्टेड डेटा रिमेन्स' आणि पुढे २४ असं आलं तर तुम्ही चार अंकी वर्षाला लहान वाय लावला आहे: त्याने २० घेतले, २४ उरले. 'डज नॉट मॅच फॉरमॅट' आलं तर रेघ, क्रम किंवा मोकळी जागा जुळलेली नाही. दिवस महिन्याच्या मर्यादेबाहेर आहे असं आलं तर फॉरमॅट बरोबर आहे, पण अशी तारीख कॅलेंडरमध्ये नाही.

आता या टप्प्यातली सगळ्यात मोठी चूक. पुष्कळजण फॉरमॅटची यादी करतात, एकेक लावून बघतात आणि जो चालेल तो घेतात. त्या यादीत 'दिवस/महिना/वर्ष' आणि 'महिना/दिवस/वर्ष' दोन्ही असतील, तर तुम्ही प्रोग्रॅमला अंदाज बांधायला बसवलं आहे. ०८/१३/२०२४ पहिल्या फॉरमॅटमध्ये बसत नाही, दुसऱ्यात चालते आणि आत येते. खरं तर ही नोंद ओरडून सांगत होती की ही ओळ दुसऱ्या ठिकाणाहून आली आहे, हिच्या आजूबाजूच्या ओळीही तपासा. तुम्ही ती हाक दाबून टाकलीत. हे दोन फॉरमॅट एका यादीत कधीही ठेवू नका.

डेटयुटिल या लायब्ररीचा पार्सर हेच काम आपणहून करतो, म्हणून मी तो अशा यादीसाठी वापरत नाही. त्याला काही सांगितलं नाही तर ०५/०८ त्याच्या लेखी ८ मे आणि १३/०८ त्याच्याच लेखी १३ ऑगस्ट. पांडाज या लायब्ररीत टू-डेटटाइमला 'डेफर्स्ट' (दिवस आधी) दिलं की प्रश्न सुटला असं समजू नका. तो कडक नियम नाही, नुसता कल आहे. फॉरमॅट स्वतः द्या. 'एरर्स'ला 'कोअर्स' दिलं असेल तर न वाचलेल्या तारखा गुपचूप रिकाम्या होतात, तेव्हा आधी किती जागा रिकाम्या होत्या आणि नंतर किती झाल्या ते मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

*तपासणी:* खऱ्या यादीला हात लावण्याआधी या नोंदी चालवून बघा. २९/०२/२०२४ आणि २९/०२/२००० आत यायला हव्यात. २९/०२/२०२३, २९/०२/१९००, ३१/०४/२०२४, ००/०५/२०२४, रिकामी जागा, नुसती रेघ आणि 'लागू नाही' बाहेर राहायला हवीत. वर्षाशिवाय नुसतं २९/०२ वाचायला दिलंत तर पायथन १९०० हे वर्ष धरतं, ते लीप वर्ष नाही, म्हणून एरर येते. वाढदिवसांच्या याद्या इथेच अडकतात. उपाय म्हणजे वाचण्याआधी स्वतः एखादं लीप वर्ष जोडणं.

टप्पा ५: मराठी महिन्यांची नावं

'५ ऑगस्ट २०२४' वाचण्यासाठी लोकेल (प्रोग्रॅमची भाषा-प्रदेशाची सेटिंग) मराठी करा, असा सल्ला मिळेल. तो घेऊ नका. लोकेल त्या यंत्रावर बसवलेला असावा लागतो, बदलला की पूर्ण प्रोग्रॅमला लागू होतो, आणि एवढं करूनही 'फेब्रु.', 'जाने.', 'ऑगष्ट' ही हातांनी लिहिलेली रूपं त्याला कळत नाहीत. स्वतःची डिक्शनरी बनवा: एका बाजूला यादीत खरोखर सापडलेलं रूप, दुसऱ्या बाजूला महिन्याचा अंक. पहिल्या टप्प्यात काढलेले साचे इथे उपयोगी पडतात. अक्षरं असलेल्या नोंदींमधले वेगवेगळे शब्द काढले की डिक्शनरीला काय लागतं ते समोर येतं.

एक गोष्ट मात्र डोळ्यांनी दिसत नाही. 'ऑ' हे अक्षर युनिकोडमध्ये एकाच चिन्हाचं असतं, पण काही कीबोर्डवरून ते 'अ' आणि त्यावर 'ॉ' अशा दोन चिन्हांनी टाइप होतं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. प्रोग्रॅमला ते दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोड नॉर्मलायझेशन (समान मानलेली रूपं एकसारखी करणं) केलं की हे मिटेल असं वाटतं, पण मिटत नाही, कारण युनिकोड या दोन रूपांना समान मानत नाही. डिक्शनरीत शोधण्याआधी 'अ' आणि 'ॉ' ची जोडी तुम्हीच 'ऑ' मध्ये बदला. हे केलं नाही तर ऑगस्ट आणि ऑक्टोबरच्याच काही नोंदी नाकारल्या जातील आणि कारण शोधताना दिवस जाईल.

टप्पा ६: दोन अंकी वर्ष

लहान वाय वापरलात तर पायथन ६९ ते ९९ ला १९६९ ते १९९९ मानतं आणि ०० ते ६८ ला २००० ते २०६८. ठेव ठेवल्याच्या तारखेला हे चालून जाईल. जन्मतारखेला नाही: १९५५ साली जन्मलेल्या सभासदाचं वर्ष '५५' लिहिलं असेल तर ते २०५५ होतं आणि वय उणे निघतं. एक्सेलची सीमा वेगळी आहे आणि ती विंडोजच्या सेटिंगवर ठरते, त्यामुळे तीच फाइल दोन ठिकाणी दोन शतकं दाखवते.

शतक तुम्ही ठरवा, कॉलमनुसार. जन्मतारीख भविष्यात जात असेल तर १०० वर्षं वजा करा. कर्जफेडीची शेवटची तारीख भविष्यातच असणार, तिथे तो नियम लावू नका. '१५' किंवा '२०' अशा वर्षाची जन्मतारीख ज्येष्ठाची की लहान मुलाची, हे दुसऱ्या कॉलमवरून कळत नसेल तर ती नोंद नाकारा.

टप्पा ७: तारीख वैध आहे, पण खरी आहे का?

प्रत्येक कॉलमला कमाल-किमान मर्यादा द्या. सभासदत्वाची तारीख संस्थेच्या नोंदणीच्या आधीची नसावी, आजच्या नंतरची नसावी. जन्मतारीख सभासदत्वाच्या आधीची असावी.

ही मर्यादा आणखी एका ठिकाणी वाचवते. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रावर इंग्रजी तारखेसोबत राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेची तारीखही छापलेली असते: ५ ऑगस्ट २०२४ म्हणजे श्रावण १४, शके १९४६. कुणी राजपत्रावरून नोंद उतरवताना वर्षाच्या जागी १९४६ लिहिलं, तर आकार बरोबर, कॅलेंडर बरोबर, फक्त ७८ वर्षांचा फरक. तो मर्यादेच्या तपासणीतच सापडतो.

मग कोणत्या तारखेला किती नोंदी पडतात ते मोजा. एकाच तारखेला ढीग दिसला तर शंका घ्या. १ जानेवारी १९०० किंवा १ जानेवारी १९७० चा ढीग म्हणजे रिकाम्या जागांना कोणीतरी डिफॉल्ट तारीख दिली आहे. पण जन्मतारखांत १ जूनचा ढीग दिसला तर कोडवर संशय घेऊ नका. शाळेत नाव घालताना नेमकी जन्मतारीख माहीत नसली की १ जून लिहायची पद्धत आपल्याकडे होती, आणि आज लाखो लोकांच्या कागदपत्रांवर तीच तारीख आहे. ती बदलायचा अधिकार तुमच्या प्रोग्रॅमला नाही.

टप्पा ८: वेळ सोबत असेल तर

नुसती तारीख हवी असेल तर ती डेट या प्रकारातच ठेवा, डेटटाइममध्ये नाही. मध्यरात्रीची वेळ चिकटलेली तारीख कोणी यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) बदलली की ५ ऑगस्टची ४ ऑगस्ट संध्याकाळी साडेसहा होते.

सर्व्हरवरून आलेल्या नोंदी बऱ्याचदा यूटीसीत असतात. तिथली ३१ मार्च रात्री ८ ही वेळ आपल्याकडे १ एप्रिल पहाटे दीड आहे, म्हणजे व्यवहार पुढच्या आर्थिक वर्षात गेला. आधी झोनइन्फोने 'एशिया/कोलकाता' या वेळेत आणा, मग त्यातून तारीख काढा. झोनइन्फो पायथन ३.९ पासून सोबतच येतं. विंडोजवर मात्र वेळपट्ट्यांची माहिती असलेलं 'टीझेडडेटा' पॅकेज वेगळं बसवावं लागतं.

टप्पा ९: साठवण आणि नाकारलेल्या नोंदी

वाचून झालेली तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, चार-दोन-दोन अंकांत साठवा. पायथनमध्ये आयसोफॉरमॅट हेच देतं. हा क्रम अक्षरानुसार लावला तरी तारखेनुसारच लागतो आणि वाचणाऱ्याला दिवस-महिन्याची शंका येत नाही.

नाकारलेल्या नोंदींची वेगळी फाइल करा. तिच्यात मूळ फाइलमधला ओळ क्रमांक, जसाच्या तसा मूळ मजकूर, कोणत्या टप्प्यावर नाकारली आणि का, एवढं हवंच. 'चुकीची तारीख' हे कारण नव्हे. 'महिना १३', 'वर्ष संस्थेच्या नोंदणीआधीचं', 'महिन्याचं नाव ओळखता आलं नाही' ही कारणं आहेत. ही फाइल ज्याच्याकडे मूळ रजिस्टर आहे त्याला द्या. तो कागद उघडून दोन मिनिटांत जे सांगेल, ते तुम्हाला कोडमधून कधीच कळणार नाही.

*तपासणी:* वाचलेल्या, नाकारलेल्या आणि मुळात रिकाम्या नोंदींची बेरीज मूळ फाइलच्या ओळींइतकी भरली पाहिजे. एकीचाही फरक असेल तर कुठेतरी ओळ गळली आहे.

दुरुस्त्या परत आल्या की त्या तयार झालेल्या फाइलमध्ये हाताने घालू नका. ओळ क्रमांक आणि योग्य तारीख अशी वेगळी दुरुस्ती-फाइल ठेवा, ती साफसफाईच्या आधी लागू करा आणि बाजूला ठेवलेल्या मूळ प्रतीपासून सगळे टप्पे पुन्हा चालवा. दुरुस्त केलेली तारीखही त्याच तपासण्यांतून गेली पाहिजे, कारण रजिस्टर पाहून सांगणारा माणूसही ती ५/८/२४ अशीच लिहून पाठवणार आहे.